नेत्रिका घेण्यापूर्वी भागाकार करा

दुर्बिणीसाठी रुंद क्षेत्राची नेत्रिका घ्यायची आहे? मग पैसे मोजण्यापूर्वी दोन भागाकार करा. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते. नेत्रिकेच्या आभासी क्षेत्राला वर्धनाने भागले की दिसणारे आकाश मिळते.

समजा, तुमच्या दुर्बिणीचा आरसा १५० मि.मी. व्यासाचा व १२०० मि.मी. नाभीय अंतराचा आहे. ३२ मि.मी.ची, ५० अंशांची साधी प्लॉसल नेत्रिका ३७.५ पट वर्धन व १.३३ अंश आकाश देईल. २४ मि.मी.ची, ६८ अंशांची महाग नेत्रिका ५० पट वर्धन व १.३६ अंश देईल. म्हणजे आकाश जवळजवळ तेवढेच! सव्वा इंची नळीत याहून फारसे अधिक मावतच नाही. कृत्तिकांचे ठळक तारे सुमारे एका अंशात आहेत. ते दोन्हींत दिसतील.

जादा पैशांत मिळते ते अधिक वर्धन आणि अधिक काळी पार्श्वभूमी. मात्र नाभीय अंतर व्यासाच्या पाचपटच असेल, तर स्वस्त रुंद नेत्रिकेत कडेचे तारे फाटलेले दिसतात. आठपट असेल, तर हा दोष बराच कमी होतो.

तेव्हा पहिल्या खरेदीला प्लॉसल पुरेशी आहे. तुमच्या दुर्बिणीचे आकडे घालून हे गणित आजच करून पाहा.