दूध-मांसाऐवजी काय? चव आणि पोषण, दोन्ही पाहू



दूध-दही, मांस सोडायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "मग खायचं काय?" आपल्या गोव्याकडच्या सोलकढीत दही असतं का? नारळाचा रस आणि आमसुलंच! तिथूनच सुरुवात करू.

*दही :* वाटीभर शेंगदाणे 8 तास भिजवून सालं काढावीत. 3 वाट्या पाणी घालून बारीक वाटावेत, गाळून ढवळत उकळावं, लक्ष ठेवावं, पटकन उतू जातं. कोमट झालं की हिरव्या मिरचीचे 5-6 देठ घालून रात्रभर झाकून ठेवावं. कढीला छान होतं.

*शाकुती :* मांसाऐवजी वाफवलेला कोवळा फणस किंवा अळंबी. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण नेहमीचंच.

पण एक लक्षात ठेवू या. चव जुळली म्हणजे पोषण जुळलं असं नाही. फणसात मांसाइतकी प्रथिनं नसतात, म्हणून शाकुतीत मूठभर चणे घालतो. नारळाच्या रसात दुधाइतकं कॅल्शियम नसतं, म्हणून नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी ताटात हवीच. बी-12 जीवनसत्त्व मात्र या कशातूनच भरवशाने मिळत नाही. दूधही पूर्ण सोडणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावी. लहान मुलं, गरोदर सून, घरातली वडीलधारी यांचं दूध परस्पर बंद करू नये.

आठवड्यातून एक दिवस करून पाहू या. कसं झालं ते गटावर जरूर कळवा.