चिकापासून फुगा

पोळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघांनी रुईचा चीक वाटीत गोळा केला. चीक वाळला की रबर होतं, मग चेंडू करू, असा बेत. चेंडू कुठला! बोराएवढा चिकट गोळा झाला अन् माझं चिकाचं बोट डोळ्याला लागलं. आधी दुखलं नाही, म्हणून मी घरी बोललोच नाही. संध्याकाळी मात्र सगळं धुक्यातल्यावानी दिसायला लागलं. आजीनं भरपूर पाण्यानं डोळा धुतला, डॉक्टरांनी थेंब दिले. आठ दिवसांनी नीट दिसलं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर तेव्हाच पाण्यानं धुवा, घरी सांगा आणि दवाखान्यात जा.

नंतर गुरुजींनी समजावलं. रुईच्या चिकात रबर अगदी थोडं असतं. खरं रबर देणारं झाड वेगळं, त्याला पाऊस भरपूर लागतो. म्हणून ते आपल्या बुलडाण्यात नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे त्याच्या बागा आहेत. पहाटे सालीला तिरपी चीर देतात, चीक वाटीत ठिबकतो.

१०० किलो चिकात रबर साधारण ३० किलो, बाकी बहुतेक पाणीच. पाणी वाहून नेण्यात भाडं फुकट जातं, अन् पातळ चिकाचा थरही पातळच बसतो. म्हणून चीक घट्ट करतात. डेअरीत मलई काढायचं यंत्र पाहिलंय ना? तसंच यंत्र गरगर फिरवतात. रबराचे कण पाण्याहून हलके, ते मलईसारखे वेगळे निघतात. घट्ट चिकात रबर ६० टक्के असतं. म्हणजे तेच ३० किलो रबर ५० किलोत मावलं!

पण दूध जसं नासतं तसा हा चीकही नासतो, त्याच्या गुठळ्या होतात. त्यात अमोनिया घालतात, मग तो टिकतो. वास मात्र नाकात झोंबतो म्हणे.

फुग्यासाठी साचा आधी कॅल्शियमच्या क्षाराच्या पाण्यात बुडवतात, मग घट्ट चिकात. क्षारामुळे चीक साच्यावर गोठून बसतो. चिकात गंधक मिसळलेलं असतं. तापवल्यावर रबर उन्हात चिकट होत नाही. गंधकाची ही युक्ती अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली सापडली. डॉक्टरांचे रबरी हातमोजेही असेच बुडवून करतात. माझा डोळा तपासताना डॉक्टरांनी तसलेच घातले होते.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी