लेकरं सांभाळणाऱ्या पोरीचा रोज किती धरायचा?



हळद काढणी सुरू झाली की वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या गावांत दिवसा घरी बाया सापडत नाहीत. काढणी झाली की शिजवणी, वाळवण, पॉलिश. मोठं लेकरू अंगणवाडीत जातं, पण ती संध्याकाळपर्यंत नसते. धाकट्याला सोबत न्यावं तर शिजवणीच्या कढईपाशी जिवाला घोर. मग शेजारची आठवी-नववीतली पोरगी आठवते. "आजच्या दिवस एवढं बघ गं बाई." दिवस सरतो आणि तिच्या हातात दहा-वीस रुपये, नाहीतर बिस्किटाचा पुडा पडतो.

गटात आपण व्याजाचा रुपया न् रुपया मोजतो. या पोरीच्या दिवसाचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. आज तोच मांडू.

आधी वय, मग रोज

पोरगी १४ वर्षांच्या आतली असेल तर तिला पैसे देऊन कामाला ठेवायचंच नाही. बाल कामगार कायदा १९८६ चा आहे. २००६ पासून लहान मुलांना घरकामाला ठेवायला बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीनं १४ खालच्यांचा नियम आणखी कडक झाला. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्वतःच्या घरी धाकट्या भावंडाकडे बघणं चालतं, तेही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत.

१४ ते १८ वर्षांच्या पोरीला धोक्याचं नसलेलं काम करता येतं. या वयाच्या मुलांसाठी दुकानं-कारखान्यांना तासांचे नियम आहेत. सलग तीन तासांच्या वर काम नाही, मग एक तास विश्रांती. विश्रांती धरून दिवसाचे सहाच तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. आठवड्याला एक सुट्टी. आपल्या गल्लीतल्या पोरीलाही हेच माप लावू या.

आणि शाळेचा दिवस असेल तर? तेव्हा कितीही रोज दिला तरी तो वाजवी होत नाही. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन हळदीत येते. त्या दिवसांत बुडालेली शाळा पैशानं भरून येत नाही. पोरीला फक्त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी विचारा, आणि तिला "नाही" म्हणता आलं पाहिजे.

पण हे काम आहे का?

"ती तर घरीच बसलेली असते," असं बैठकीत हमखास ऐकू येतं. रोजगार हमीचा नियम बघा. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात लिहिलं गेलं की कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यातल्याच एका बाईला लेकरं सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. म्हणजे खोदकाम करणारीला मजुरी आणि लेकरं बघणारीलाही मजुरी. कायद्यानं हे काम धरलं, मग आपण का धरू नये?

दुसरं असं, की आई शेतात रोज कमावते ती कुणीतरी लेकरू बघतंय म्हणून. त्यामुळे पोरीला दिलेले पैसे उपकाराचे नाहीत. आईच्या रोजातला तो तिचा वाटा आहे.

हिशेब कसा मांडायचा?

खालचे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावात चालू असलेला रोज घाला.

१. समजा बाईचा रोज ३०० रुपये आणि जेवणाची सुट्टी सोडून काम सहा तास. म्हणजे तासाला ५० रुपये.

२. पोरगी दहा ते एक आणि दोन ते चार लेकरं बघते. झाले पाच तास. एक ते दोन आणि चारनंतर घरची आजी किंवा लवकर परतलेली आई ताबा घेईल.

३. एकच लेकरू असेल तर निम्मा दर धरू, २५ रुपये. पाच तासांचे १२५. आईकडे १७५ उरतात.

४. तीन आयांची तीन लेकरं असतील तर पूर्ण दर, ५० रुपये. पाच तासांचे २५०. तिघींनी ८५-८५ दिले की २५५ होतात. वरचे पाच रुपये पोरीलाच राहू द्या. प्रत्येक आईकडे २१५ उरतात. म्हणजे एकत्र आल्यानं पोरीचा रोज दुप्पट झाला आणि आयांनाही ४० रुपये जास्त उरले.

एका पोरीकडे तीनाच्या वर लेकरं नकोत. अंगावर पिणारं बाळ तिच्या एकटीच्या भरवशावर नको. हाकेच्या अंतरावर मोठं माणूस हवंच. भांडी, धुणं, चूल, हापशावरचं पाणी हे या कामात येत नाही. आणि हे काम पोरानं केलं तर त्यालाही हाच दर, कमी नाही आणि जास्तही नाही.

शाळेच्या दिवसांसाठी मोठी बाई बघा. गुडघेदुखीमुळं शेतात न जाणारी एखादी मावशी प्रत्येक गल्लीत असते. सहा आयांनी मिळून तिला ३०० रुपये दिले तर एकीला ५० पडतात.

पैसे कुणाच्या हातात?

पोरीच्या हातात, त्याच दिवशी. "दिवाळीला ड्रेस घेऊ" हा रोज नव्हे. ड्रेस हौसेनं घ्या, पण रोज वेगळा द्या. दहा वर्षांवरच्या मुलांना बँक स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू देते. तिचं खातं काढून द्या. हळदीचे चार-सहा रविवार जमले तर पुढच्या वर्गाची वह्या-पुस्तकं तिच्याच पैशातून येतील. आपल्याला स्वतःचं बचत पासबुक पहिल्यांदा मिळालं तेव्हा कसं वाटलं होतं, ते आठवा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

- गावात आज बाईचा रोज किती आणि तास किती, ते फळ्यावर लिहा. तासाचा दर काढा.
- कुणाची लेकरं कोण सांभाळतं, तिचं वय काय, ती शाळेत जाते का, हे प्रत्येकीनं सांगा.
- शाळा सोडून सांभाळणारी पोरगी निघाली तर तिच्या घरी दोघी-तिघींनी जा आणि शाळेतल्या सरांना-मॅडमना भेटा. लहान लेकराला कुणी राबवत असेल तर १०९८ वर फोन करा.
- ठरलेला दर इतिवृत्तात लिहून सह्या घ्या. मजकूर असा चालेल: "१४ वर्षांखालच्या मुलीला लेकरं सांभाळायला ठेवणार नाही. १४ वर्षांवरच्या मुलीला फक्त सुट्टीच्या दिवशी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, एका लेकराला तासाला ____ रुपये, दोन-तीन लेकरांना तासाला ____ रुपये, त्याच दिवशी तिच्या हातात देऊ."

दोन लेकरांना किती धरायचं, ते तुम्हीच ठरवा. तुमच्या गटाचा दर ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा, म्हणजे या गल्लीला एक आणि त्या गल्लीला दुसरा असं होणार नाही.