वृद्धाश्रमाचे जेवण : गरम पोहोचले तरच धंदा टिकतो

वृद्धाश्रमाला दोन वेळचे जेवण पुरविण्याचे काम लग्नाच्या दावतीसारखे नसते. दावतीचा पाहुणा एकदा जेवून जातो. येथे तीच माणसे रोज आपल्या हातचे खातात.

आमच्या परिचयातील एका बावर्ची बांधवाचे असे कंत्राट जाण्याच्या बेतात होते. हाताला चव, माल चोख, तरी ताटे अर्धी भरलेली परत येत. आम्ही एक दिवस त्यांच्याबरोबर राहिलो. डेगेतून उतरलेली वाफाळती डाळ शेवटच्या खाटेपर्यंत पार कोमट झाली होती. खोट स्वयंपाकात नव्हती, वाटेत होती.

उतारवयात चव व वास कमी कळतात, लाळही कमी सुटते. गरम अन्नाचा वास दरवळतो आणि भूक चाळवते. गार जेवण वृद्ध माणूस बाजूला सारतो व हळूहळू त्याची ताकद घटते. म्हणून या धंद्यात पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१) भांडी : उष्णता धरून ठेवणारे घट्ट झाकणाचे डबे घ्यावेत. त्यांत आधी १० मिनिटे उकळते पाणी ठेवून ओतून द्यावे, मग अन्न भरावे. तांब्या-पितळेच्या भांड्यांची कल्हई उडू देऊ नये.

२) तापमान : शिजलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सियसच्या वर असावे. त्यासाठी थर्मामीटर जवळ ठेवावा. भात कोमट राहिला तर त्यात जंतूंचे विष तयार होऊ शकते व पुन्हा गरम केल्याने ते जात नाही.

३) वाढप : ताटे आधी वाढून ठेवू नयेत. डबे खोलीच्या दारापर्यंत न्यावेत व तेथेच उघडावेत. वृद्ध सावकाश जेवतात. म्हणून प्रथम अर्धी वाटी, मग पुन्हा गरम अर्धी. थरथरत्या हातात काठोकाठ भरलेली वाटी देऊ नये. सांडली तर भाजते.

४) पदार्थ : भात मऊ, भाजी बारीक चिरलेली असावी. सर्व एकत्र कालवून लगदा करू नये. मीठ कमी सांगितले असेल तर जिरे, आले, कोथिंबीर यांनी चव आणावी. कोणाला काय वर्ज्य आहे, त्याची यादी लिहून घ्यावी.

भाव ठरवितानाच डबे, वाहतूक व वाढप्याची मजुरी धरावी. भाव कमी सांगून काम मिळवायचे आणि मग डाळ पातळ करून खर्च भरून काढायचा, हा व्यापार नव्हे. माप मारणाऱ्यांना कुरआनच्या ८३ व्या सूरहमध्ये कडक ताकीद आहे.

त्या बावर्ची बांधवाने मसाला बदलला नाही. डबे व वाढण्याची रीत बदलली. ताटे रिकामी येऊ लागली आणि कंत्राट टिकले. वृद्धाश्रमातील म्हातारी माणसे सहसा तक्रार करीत नाहीत, मुकाट्याने ताट सरकवतात. म्हणूनच त्यांचे जेवण ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. ती सांभाळली तर रोजी हलाल होते आणि बरकतही होते.