सही आधी, खात्री मागाहून

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले, तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा पुढे आला. "काकू, उभ्या राहू नका, मी करून देतो." त्याने खुर्ची दिली. मशीनवर माझा अंगठा उमटेना, तर ओल्या फडक्याने बोट पुसून पुन्हा लावून बघितला. पासबुक छापून आणलं. मग जाता जाता म्हणाला, "तुमच्या एफडीची मुदत संपतेय ना? तशीच एक योजना आलीय, व्याज जास्त आहे. पण महिनाअखेरीला बंद होतेय."

आठवड्याभरात तो घरी आला. फॉर्मवर पेन्सिलीने बारीक फुल्या मारलेल्या होत्या, फुली दिसेल तिथे सही करायची. मी अकरा सह्या केल्या. "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर अर्ज अडकतो." तेही केलं. दीड लाख रुपये गेले. ती ठेव नव्हतीच. दरवर्षी दीड लाख, असा सात वर्षं हप्ता भरायचा आयुर्विमा होता.

अध्यापक विद्यालयात मी अनेक वर्षं मानसशास्त्र शिकवलं. फ्रीडमन आणि फ्रेझर यांचा 1966 चा प्रयोग मला तोंडपाठ. कॅलिफोर्नियातल्या घरमालकांना विचारलं, 'जपून चालवा' असा मोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का? थेट विचारलं तेव्हा शंभरातले 17 हो म्हणाले. ज्यांनी दोन आठवडे आधी सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलची एक छोटीशी पाटी लावून घेतली होती, त्यांच्यातले 76 तयार झाले. लहान होकार दिला की माणूस स्वतःला 'हो म्हणणारा' समजू लागतो आणि मोठा होकार त्याच वाटेने येतो. माझा लहान होकार म्हणजे ती खुर्ची. हे सगळं ठाऊक असूनही मी सही केली, कारण त्या क्षणी समोर प्रयोग नव्हता, माझं बोट पुसणारं पोर होतं.

पण सहीपेक्षा मोठी चूक पुढे झाली.

डिसेंबरात कुरिअरने जाड पाकीट आलं. ते मी न वाचता कपाटात ठेवलं. पुण्याहून मुलगा आला. म्हणाला, "आई, कागद बघू जरा." मी चिडले. "मला एवढंही कळत नाही का?" शेजारी तीच योजना वाखाणली. कोरेगावला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला स्वतः फोन करून सांगितलं, "घेऊन टाक, मी घेतलीय." आज वाटतं, तिला पटवताना मी स्वतःलाच पटवत होते. फेस्टिंजर आणि कार्लस्मिथ यांनी 1959 मध्ये विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं आणि बाहेरच्याला 'मजा आली' असं सांगायला लावलं. त्यासाठी ज्यांना वीस डॉलर मिळाले, ते मनातून काम कंटाळवाणंच मानत राहिले. एकच डॉलर मिळालेल्यांना मात्र ते काम खरंच बरं वाटू लागलं, कारण आपल्या खोटेपणाला पैशाचं कारण देता येईना. आधी मत ठरतं आणि मग आपण वागतो, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा आपण वागून बसतो आणि मग मत त्याच्या मागे ओढत नेतो.

माझं मत असं ओढलं जात होतं ते नेमके मोलाचे दिवस होते. आयुर्विम्याची कागदपत्रं हाती आल्यापासून 30 दिवसांत, पटली नाही तर पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमा-संरक्षणाची रक्कम कापून हप्ता परत मिळतो. माझे तीस दिवस जानेवारीत, कपाटातच संपले.

फेब्रुवारीत गच्चीच्या गळतीसाठी पैसे हवे होते, म्हणून बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटेपालटे केले आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, ही एफडी नाहीये."

म्हणून सांगते. कोणी आपलं काम आपुलकीने केलं तर मनापासून आभार माना, पण त्याच भेटीत पैशाचा कागद हातात घेऊ नका. 'आजच' म्हणणाऱ्याला 'उद्या' सांगा. पेन्सिलीच्या फुल्या खोडरबराने पुसा आणि प्रत्येक सहीच्या वरची ओळ मोठ्याने वाचा. तो जे तोंडी सांगतो, ते त्याच्याकडून सहीनिशी लिहून मागा. फोनवर खरं तेच उत्तर द्या. पाकीट आलं की त्यावर तारीख घाला आणि ज्याला या व्यवहारात काही मिळणार नाही अशा माणसाला वाचायला द्या. तो शंका काढेल आणि आपल्याला राग येईल. त्या रागाच्या वेळी कागद पुन्हा उघडा. मुदत टळली तरी गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिने महिनाभरात दाद दिली नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत.

माझी तक्रार अजून चालू आहे.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी बँकेतून निघाले ती थेट कोरेगावला गेले. बहिणीला सांगताना मान वर होईना. ती काही बोलली नाही, आत जाऊन पाकीट घेऊन आली. वरची तारीख धरून आम्ही दोघींनी बोटांवर मोजलं. पंचविसावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज घेऊन दोघी गेलो आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत हातात पडेपर्यंत खुर्चीत बसलो नाही.