तळ आधी, इंजिन शेवटी

इंजिनाची चौकशी आता थोडे दिवस बंद ठेव. सांगाडा अजून मांगरात उभा राहायचाय आणि तू 25 हॉर्सपॉवर घ्यावं की 40, यावर मला रोज फोन करतोस. तू बांधतोयस ती 16 फूट लांब, 5 फूट रुंद, दोन-तीन माणसांना घेऊन खाडीत फिरणारी बोट. तिचा वेग ठरतो तळाच्या मागच्या 6 फुटांत आणि तिच्या वजनात. ही दोन्ही जमली तर 25 पुरून उरेल. ती बिघडली तर 40 लावूनही बोट नाळ आभाळाकडे करून पाणी ढकलत बसेल आणि पेट्रोल जाळेल.

असं का होतं ते नीट समजून घे, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी करायचं ते आपोआप कळेल. पाणी कापत चालणाऱ्या बोटीला तिची स्वतःचीच लाट अडवते. पाण्यावर टेकणाऱ्या लांबीचं फुटांत वर्गमूळ काढ आणि त्याला 1.34 ने गुण. 15 फुटांना जेमतेम 5.2 नॉट येतात, म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटर. त्यापुढे जायचं तर बोटीला पाण्याच्या वर चढून घसरावं लागतं. चढायला तिला दोनच गोष्टी लागतात: मागे सरळ तळ आणि अंगात कमी वजन.

तळाला व्ही किती द्यायचा हे तू विचारलं होतंस. खोल व्हीची चाल अमेरिकेत रे हंट यांनी रुळवली. त्यांनी आखलेली ‘मॉपी’ 1960 साली मायामी-नासाऊ शर्यत जिंकली आणि मग जगभर तसे तळ झाले. पण तो तळ उघड्या समुद्रासाठी, आणि त्याला चढायला ताकद फार लागते. आपल्या खाडीत दुपारचा वारा सुटला की हातभर लाटा उठतात, त्याहून जास्त काही नाही. पुढे चांगला धारदार व्ही दे, मागे येता येता तो 10-12 अंशांवर आण आणि शेवटचे 6 फूट तोच कोन कायम ठेव. अगदी सपाट तळ केलास तर वेग मिळेल, पण भरतीला वारा उलटा असला की कंबर मोडेल.

प्लायवर आयएस 710 चा शिक्का बघून घे, पण शिक्क्यावर थांबू नकोस. कापलेला तुकडा घरच्या टोपात दिवसभर उकळ, वाळव, पुन्हा उकळ. थर सुटले तर तो माल परत. कडेनं बघताना आतल्या थरांत पोकळी दिसली तरी परत, कारण त्या पोकळीत पाणी साठतं आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. तळाला 9 मिलिमीटर, बाजूंना 6 पुरे. ‘मजबूत असू दे’ म्हणून सगळीकडे 12 लावायचा मोह आवर. दोन तुकडे जोडताना जाडीच्या आठपट लांब तिरका सांधा कर: 9 मिलिमीटरला 72. जोडायचे तुकडे पायऱ्यांसारखे एकावर एक रचून एकदम रंधा मारलास तर सगळे उतार सारखे येतात.

सांगाड्याला साग घेतोस ते बरोबर. मुंबईच्या गोदीत 1817 साली वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ सागाची होती आणि ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. सागाचं जे तेल त्याला वाळवीपासून आणि कुजण्यापासून वाचवतं, तेच गोंदाच्या आड येतं. म्हणून सांधा जोडायच्या अगदी आधी जाड पॉलिश पेपरनं घास, ॲसिटोननं पुस आणि लगेच इपॉक्सी लाव. आदल्या दिवशी पुसून ठेवलंस तर तेल पुन्हा वर येतं. आंब्याचं लाकूड बसायच्या बाकाला चालेल, सांगाड्याला नको. आणि घरात जुन्या होडीचं माशाचं तेल उरलं असेल तर ते या बोटीच्या जवळपासही आणू नकोस. जुन्या फळ्यांच्या होड्यांना ते उत्तम, पण तेल प्यायलेल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही.

आपल्या हवेत इपॉक्सीचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. सकाळी लाकडावर पहिला हात दिलास की दुपारी लाकूड तापतं, आतली हवा फुगते आणि वर बुडबुडे उठतात. तेच काम दुपार कलल्यावर, हवा थंड होत असताना कर. लाकूड गार होताना इपॉक्सी आत ओढून घेतं. दमट दिवशी वाळलेल्या थरावर मेणचट, बोटाला चिकट लागणारा पापुद्रा येतो. तो घासून जात नाही, उलट घासताना सगळीकडे पसरतो. आधी पाण्यानं आणि भांडी घासायच्या काथ्यानं धू, वाळव आणि मग पेपर मार. आषाढ-श्रावणात हे काम करूच नकोस.

आता तळ. इथं घाई केलीस तर बाकी सगळी मेहनत फुकट जाईल. बोट उलटी आहे तोवरच हे काम होतं, एकदा सरळ केलीस की कोणी पुन्हा उलटी करत नाही. गवंडी वापरतात तसली ॲल्युमिनियमची 6 फुटी पट्टी आण. दुकानातच दोन पट्ट्या एकमेकींना लावून उजेडाकडे धर आणि मध्ये फट दिसली तर दुसरी जोडी माग. रात्री मांगरातला दिवा मालवून पट्टी ट्रान्समपासून, म्हणजे मागच्या उभ्या फळीपासून पुढे, पठाणाला (तळाच्या मधल्या कण्याला) समांतर अशी तळावर उभी धर. पलीकडून कोणाला तरी टॉर्च मारायला सांग. पट्टीखालून उजेड आला तिथं खळगा. पट्टी मध्यावर टेकून दोन्ही टोकांना डुलली तर फुगवटा. हातभर अंतर सरकवत दोन्ही बाजूंनी हेच कर आणि पेन्सिलीनं घेर काढत जा.

ट्रान्समजवळ खळगा राहिला तर पाणी मागून तळ वर ढकलतं आणि नाळ दबते. बोट जड चालते आणि वळणावर अचानक भलतीकडे ओढते. फुगवटा राहिला तर उलटं होतं. पाणी त्या गोलाईला चिकटून मागचा भाग खाली खेचतं, नाळ उचलते, आपटते, पुन्हा उचलते. वेगात ही डुलकी सुरू झाली की माणसं घाबरतात आणि दोष इंजिनाला देतात. दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा जाणवतो.

खळग्यात इपॉक्सीची हलकी लांबी भर. घासायला छोटा ठोकळा घेऊ नकोस, तो खळग्यात उतरून खळगाच घासतो. दोन-अडीच फूट लांब, थोडी लवणारी प्लायची पट्टी घे, तिला 40 नंबरचा पेपर चिकटव आणि दोन्ही हातांनी तिरक्या दिशेनं चालव, आधी एका कर्णावर, मग दुसऱ्या. खांदे भरून येतात, पण याला दुसरा मार्ग नाही. अधूनमधून डोळे मिटून तळहात फिरव. डोळ्याला न दिसलेली लाट हाताला कळते.

तळ आणि बाजू जिथं मिळतात ती कड मागच्या अर्ध्या भागात धारदार हवी. ट्रान्समची खालची कडही तशीच. पाणी तिथून तटकन सुटलं पाहिजे. कड गोल असेल तर ते वळून बाजूवर चढतं आणि बोटीला धरून ठेवतं. अडचण अशी, की काचेचं कापड धारदार कडेवर बसत नाही, उचलतं. म्हणून आधी कड बोटभर गोल करून कापड बसव. ते वाळल्यावर बाहेरून घट्ट इपॉक्सीचा थर देऊन, टेपचा बांध घालून, धार पुन्हा उभी कर. हे बहुतेक जण सोडून देतात. तू सोडू नकोस.

पठाणाची पट्टी ट्रान्समपर्यंत नेऊ नकोस. फूट-दीड फूट अलीकडेच निमुळती करत संपव. नाहीतर तिच्यामागे खवळलेलं, हवा मिसळलेलं पाणी थेट पंख्यात जातं आणि पंखा फुकट फिरतो. बोट कोरड्यावर ठेवताना टेकू ट्रान्समच्या बरोबर खाली हवा. टेकू पुढे राहिला तर इंजिनाच्या वजनानं मागचा भाग लोंबतो आणि तू रात्री जागून काढलेला खळगा वर्षभरात परत येतो.

स्क्रू पितळेचे नकोत. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, स्क्रू गुलाबी पडतो आणि पेचकसानं पिळला की डोकं हातात येतं. 316 नंबरचं स्टील किंवा सिलिकॉन ब्राँझ घे. प्रत्येक भोक आधी मोठं पाड, इपॉक्सीनं भर आणि त्यात पुन्हा लहान भोक पाडून स्क्रू घाल. इंजिनाच्या बोल्टांना तर हे हवंच, कारण ट्रान्सम कुजतो तो नेहमी त्याच भोकांतून.

इंजिनाचा दांडा आखूड असेल तर ट्रान्समची उंची 15 इंच, लांब असेल तर 20. जाडी दीड इंचाच्या आसपास, मागे झुकाव 12-13 अंश. पंख्याच्या वरची चपटी पत्ती तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली येऊ दे. मग अर्ध्या-अर्ध्या इंचानं इंजिन वर घेत बघ. वळणावर पंखा हवा ओढायला लागला आणि आवाज एकदम चढला की एक पायरी खाली ये, तीच तुझी उंची. इंजिनातून निघणारी पाण्याची पिचकारी प्रत्येक वेळी जोरात चालू आहे ना ते बघ. ती मंदावली तर लगेच बंद कर.

जड सामान मधल्या भागात ठेव. टाकी, बॅटरी आणि चालवणारा माणूस असे तिघेही मागच्या कोपऱ्यात बसवले की डुलकी आलीच. लांब नळी टाकून टाकी पुढे नेणं हे मोठं इंजिन घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साठते, त्यामुळे टाकीची जागा वरून-खालून उघडी ठेव. बाकांखाली तरंगतं साहित्य भरशीलच, पण थर्माकोल नको, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. बंद पेशींचा पॉलिइथिलीन फोम घे. एक घनफूट फोम साधारण 28 किलो पेलतो, त्यावरून इंजिन आणि माणसांचा हिशेब कर आणि निम्म्याहून जास्त फोम मागे ठेव, कारण बुडताना आधी तोच भाग जातो.

खाऱ्या पाण्यानं लाकूड कुजत नाही, कुजतं पावसाच्या गोड्या पाण्यानं. म्हणून आतल्या प्रत्येक आडव्या पट्टीला खालच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी वाट ठेव, म्हणजे पाणी मागे वाहत येईल. कोणताही कप्पा कायमचा बंद करू नकोस. इपॉक्सीला ऊन चालत नाही, वर रंग हवाच. पावसाळ्यात ताडपत्रीच्या दोन्ही टोकांनी वारा खेळू दे. टाकी तेव्हा रिकामी ठेव. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि गणपतीनंतर तेच पाणी कार्बुरेटरमध्ये सापडतं.

उतरवायच्या आधी बंदर कचेरीत जाऊन नोंदणीचं विचारून ये, हे गावातल्या कोणाच्या सांगण्यावर सोडू नकोस. पहिली चाचणी भांगाच्या दिवसांत घे, तेव्हा ओढ कमी असते. उधाणाच्या ओहोटीत नव्या बोटीचं काही चुकलं तर ती खाडीच्या तोंडाशी जाऊन बसते. लाइफ जॅकेट सगळ्यांना, आणि इंजिनाची लाल दोरी तुझ्या मनगटाला. एकटा उतरू नकोस.

चाचणीत एका फेरीत एकच बदल कर. माणसांची जागा बदलली तर झुकावाची पिन तशीच राहू दे. नेहमी असतील तेवढीच माणसं घे. पूर्ण वेगावर आरपीएम इंजिनाच्या पुस्तकातल्या हद्दीपर्यंत पोचत नसेल तर पंख्याची पिच एक इंच कमी कर, साधारण 200 आरपीएम वाढतात. जास्त चढत असेल तर एक इंच वाढव. डुलकी आली तर आधी वजन पुढे घे, मग पिन आत घे आणि त्यानंतरही राहिली तर पुन्हा पट्टी आणि टॉर्च. पहिल्या फेरीचे आकडे मला त्याच संध्याकाळी कळव: माणसं किती होती, पूर्ण वेगाला आरपीएम किती, पत्ती कुठं होती, वळताना काय झालं. पंखा बदलायचा की नाही ते त्यावरून ठरवू.