खरगपूर मुंबईपेक्षा लांब का वाटतं?

प्रश्न : माझी मुलगी भंडाऱ्याला बी.एस्सी. आणि नागपूरला एम.एस्सी. झाली. आता रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला खरगपूरच्या आयआयटीत तिची निवड झाली आहे. जुलैत जाईल. गावात सगळे खूश आहेत, मलाही अभिमान वाटतो. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. माझा भाचा मुंबईला नोकरीला गेला तेव्हा बहिणीची अशी गत झालेली मी पाहिली नाही. पोरगी नागपूरला होती तेव्हा शनिवारी एसटीनं घरी यायची. तिचे बाबा तर काही बोलतच नाहीत, बांधीत जाऊन बसतात. मला विचारायचं आहे की पूर्वी फोन नव्हते, तेव्हा आईबाप लेकरांना इतक्या दूर शिकायला कसे पाठवत? त्यांना काळजी वाटत नव्हती का? आणि एम.एस्सी. झाल्यावर आणखी पाच वर्षं ही तिथे करणार तरी काय?
— एक आई, लाखनी तालुका

उत्तर : ताई, आधी तुमच्या भाच्याचं घेऊ. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून मुंबई रेल्वेनं साधारण नऊशे किलोमीटर आहे. त्याच स्टेशनवरून पूर्वेला खरगपूर भरतं साडेनऊशेच्या आसपास. विदर्भ एक्सप्रेसमध्ये आज बसलं की उद्या सकाळी मुंबई. खरगपूरही एका रात्रीचाच प्रवास. रूळसुद्धा तेच, हावडा-नागपूर-मुंबई. म्हणजे बहिणीचा मुलगा आणि तुमची मुलगी जवळजवळ सारख्याच अंतरावर जात आहेत, फक्त तोंडं उलट दिशेला. तरी बहिणीला झोप लागते आणि तुम्हाला लागत नाही. याचं कारण किलोमीटरमध्ये सापडणार नाही.

मुंबईला आपल्याकडचं कोणी ना कोणी असतं. दादर, लोकल, चाळ हे सगळं न जाताही माहीत असतं. पोरगा फोनवर ‘ट्रेनला गर्दी होती’ म्हणाला की बहिणीच्या डोळ्यासमोर ती गर्दी उभी राहते. खरगपूर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत मन रात्री नको नको ते भरत राहतं. त्यात मुलगी जे करायला चालली आहे तेही घरात कुणी केलेलं नाही. गावही अनोळखी, कामही अनोळखी. म्हणून मी तुम्हाला ‘काळजी करू नका’ असं सांगणार नाही, सांगून ती जातही नाही. खरगपूर आणि पीएच.डी. या दोन गोष्टी जितक्या तुमच्या ओळखीच्या करून देता येतील तितक्या देतो.

खरगपूर हे पश्चिम बंगालच्या पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातलं रेल्वेचं गाव. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. नागपूरहून आपल्या जिल्ह्यातून पूर्वेला जाणारी छोटी लाइन हिनंच रुंद केली आणि बंगालपर्यंत नेली. कंपनीचा मोठा कारखाना खरगपूरला उभा राहिला आणि त्याच्याभोवती गाव वाढलं. देशभरातून माणसं कामाला आली. तेलुगू, हिंदी, बंगाली, ओडिया सगळ्या भाषा तिथे ऐकू येतात. मुलीचं हिंदीवर भागेल. आयआयटी आहे ती गावाला लागून, हिजलीत. इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना जिथे डांबलं होतं, त्या हिजलीच्या बंदिवासाच्या इमारतीत १९५१ साली देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. ती इमारत आजही आवारात उभी आहे. वसतिगृहाला तिथे ‘हॉल’ म्हणतात. मुलगी ‘हॉलवर आले’ म्हणाली तर ती खोलीवर पोचली असं समजा.

आणि ताई, तो मुलूख भाताचा आहे. पुण्याला गेलेली आपली पोरं पहिल्या महिन्यात मेसच्या पोळ्यांना कंटाळतात, हे तुम्ही ऐकलं असेल. मेदिनीपुरात शेतात धान आहे, घरामागे तळं आहे आणि ताटात भात-मासळी आहे. आपल्या बोड्या आणि मामा तलाव पाहत मोठी झालेली मुलगी तिथे गाडीच्या खिडकीतून बाहेर बघेल तेव्हा तिला परदेशात आल्यासारखं वाटणार नाही. जेवणाची चिंता तेवढी सोडून द्या.

आता तुमचा खरा कुतूहलाचा प्रश्न. पूर्वीच्या आईबापांना काळजी वाटत नव्हती का? वाटत होती, आणि ती पोटात ठेवून ते दिवस काढत. १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली होती. जुन्या मंडळींच्या बोलण्यात ती अजून येते. त्यांच्या वडिलांचं, रामजी सुभेदारांचं, तुम्ही ऐका. परळच्या चाळीत एकच खोली. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून भीमराव लवकर झोपत, वडील जागे राहत, रात्री दोनला मुलाला उठवत आणि मग स्वतः अंग टाकत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकींकडून दागिना मागून आणून गहाण टाकत. असा बाप, पण बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्याला नोकरीसाठी निघाले तेव्हा त्यांनी जाऊ नये असंच या बापाला वाटत होतं. मुलगा गेला. काही दिवसांतच तार आली की वडील अत्यवस्थ आहेत. परत येताना भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा वडिलांची अखेरची वेळ आली होती. २ फेब्रुवारी १९१३ला रामजी गेले. त्याच वर्षी जुलैत मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. ते वडिलांना पाहता आलं नाही.

ती सुरतची मिठाई मला फार महत्त्वाची वाटते. काळजी आईबापच करतात आणि मुलं मजेत निघून जातात असं आपण धरून चालतो. तुमची मुलगीही तुमची काळजी करते आहे. आईचं बीपी, बाबांचं न बोलणं, रोवणीला माणसं मिळतील का, हे सगळं ती बॅगेबरोबर घेऊन जाणार आहे. तुम्ही फोनवर रडू आवरता तेव्हा पलीकडे तीही आवरत असते.

दुसरं उदाहरण महर्षी कर्व्यांचं. मुलींनी शिकावं म्हणून ज्यांनी सगळा जन्म वेचला, त्यांनाही आपली सून इरावती १९२८ साली पीएच.डी.साठी बर्लिनला जाणार हे रुचलं नव्हतं. इरावतीबाई गेल्या, पदवी घेऊन परतल्या आणि पुढे मानववंशशास्त्रात त्यांनी केवढं काम केलं. कर्व्यांसारख्या माणसाचाही पाय अडखळला, मग तुमची झोप उडाली यात तुमचं काही चुकलेलं नाही.

त्या काळी पत्र बोटीनं जायचं आणि उत्तर यायला कित्येक आठवडे लागायचे. तेवढे दिवस ‘बातमी नाही म्हणजे बरं आहे’ असं मानण्यावाचून इलाज नव्हता. अचानक आलेल्या तारेची तेवढी भीती. आज उलटं झालं आहे. व्हॉट्सॲपवर ‘लास्ट सीन’ पहाटे तीनचं दिसलं की आई घाबरते, दोन तास फोन उचलला नाही की घाबरते. त्यावेळी पोरगी प्रयोगशाळेत हातमोजे घालून उभी असते, फोन कपाटात असतो. रसायनाच्या कामात मध्येच हात काढून घेता येत नाही.

आता ती तिथे करणार काय. पहिलं वर्षभर थोडे वर्ग आणि परीक्षा असतात, तेवढं कॉलेजसारखं. मग एक मोठी परीक्षा, आणि त्यानंतर एका गाईडच्या हाताखाली एकच प्रश्न धरून बसायचं, ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही. तुम्ही धानवाले आहात, म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचं सांगतो. १९८३ साली त्यांना ‘पटेल ३’ धानाच्या शेतात थोड्या वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. कित्येक वर्षं. त्यातून जे वाण निघालं ते १९९०च्या सुमारास बाजारात ‘एचएमटी’ नावानं गेलं, आणि तो तांदूळ तुमच्या घरीही शिजला असेल. दादाजींची शाळा तिसरीपर्यंतच झाली होती, पण त्यांनी केलं ते संशोधनच. तुमची मुलगी काचेच्या भांड्यांत तेच करणार. वेगळं काही दिसलं तर ते खरंच वेगळं आहे का, पुन्हा केलं तर पुन्हा येतं का, हे तपासत राहायचं. बहुतेक वेळा येत नाही. त्यात वर्षं जातात. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे.

पैशाची काळजी तुम्ही लिहिली नाही, पण असेलच. नेट-जेआरएफ असेल तर जानेवारी २०२३पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. आयआयटीची स्वतःची शिष्यवृत्तीही तेवढीच असते. सुरुवातीची रक्कम खात्यात यायला कधी कधी दोन-तीन महिने लागतात, तेवढ्यापुरते पैसे तिच्याजवळ असू द्या. त्यानंतर ती तुमच्याकडे पैसे मागणार नाही. बऱ्याच आयांना नेमकं तेच लागतं, हेही सांगून ठेवतो.

एका गोष्टीवर मात्र सविस्तर बोललं पाहिजे. आयआयटींमधल्या, खरगपूरच्याही, विद्यार्थ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असणार, आणि रात्री खरं तर त्याच डोळ्यासमोर येत असणार. त्या भीतीला मी निराधार म्हणणार नाही. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच विषयासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं, इतका तो गंभीर आहे. संशोधनात वर्ष-वर्ष यश येत नाही, गाईडशी पटत नाही, बरोबरीची मुलं पुढे गेल्यासारखी वाटतात. शहरातल्या सुखवस्तू घरची मुलगी अशा वेळी ‘सोडते’ म्हणू शकते. आपल्या मुलीला ते जड जातं. कारण गावच्या चौकात तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला असतो, सरपंचांच्या हस्ते सत्कार झालेला असतो, काकाला बारशात आणि तेरवीत ‘आमची पुतणी आयआयटीत’ सांगायची सवय झालेली असते. परत येणं म्हणजे साऱ्या गावासमोर हरणं, असं तिला वाटू लागतं.

म्हणून ती जाण्यापूर्वी एक वाक्य तुम्ही आणि तिच्या बाबांनी, दोघांनी, तिला तोंडानं सांगा: ‘जमलं नाही तर अर्ध्यात सोडून ये, आम्हाला चालेल.’ हे तिला कळत असेलच असं समजून गप्प राहू नका. बाबा सगळ्यात कमी बोलतात, म्हणून त्यांच्या तोंडून ते आलं तर त्याचं वजन जास्त. हे ऐकलेली मुलगी आळशी होत नाही. उलट तिला निवांत काम करता येतं. आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक तिच्याही फोनमध्ये असू द्या, तुमच्याही. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. मोफत आहे, रात्रीबेरात्री चालते, मराठीतही बोलता येतं. तुम्हाला झोप लागत नाही त्यासाठीसुद्धा तिथे फोन करता येतो.

फोनवर ‘जेवलीस का’ विचारायचं थांबवू नका. त्याच्या जोडीला ‘आज प्रयोग लागला का’ हेही विचारा. पहिल्यांदा ती म्हणेल, ‘आई, तुला नाही समजणार.’ विचारत राहा. महिन्याभरात ती समजेल असं सांगू लागेल. आणि तुमच्याकडचं सांगा. तुडतुडा पडला, पऱ्हे पिवळे झाले, खरेदी केंद्रावर बारदाना संपला, यंदा मंडईत कोणतं नाटक आलं. दूर गेलेल्या मुलांना या गोष्टींची भूक असते. बाबांना फोनवर बोलता येत नसेल तर बांधीतून एक फोटो पाठवायला सांगा, तेवढंही त्यांच्याकडून पुष्कळ झालं.

लग्नाचं नातेवाईक विचारतील. मुलीनं स्वतः विषय काढेपर्यंत तो प्रश्न तुमच्यापाशीच अडवून ठेवा, तिच्यापर्यंत पोचू देऊ नका.

जुलैत ती जाईल तेव्हा तुमची रोवणी ऐन भरात असेल, तुम्हा दोघांना निघता येणार नाही. मग डिसेंबरात जा, चुरणे उरकून धान विकलं की. तिकडे तेव्हा थंडी छान असते. जवसाची चटणी जास्तीची करून न्या. प्रयोगशाळेतली दहा मुलं ती पहिल्याच दिवशी संपवतील. तिची खोली पाहा, ती कुठे बसते ते टेबल पाहा, मेसमध्ये एकदा जेवा. आणि तिच्या गाईडना भेटल्याशिवाय परतू नका. इंग्रजी येत नाही म्हणून संकोच नको, हिंदीत बोला. आम्ही भंडारा जिल्ह्याचे, धानाची शेती करतो, आणि हिची काही अडचण दिसली तर आम्हाला फोन करा, एवढं सांगून तुमचा नंबर त्यांना लिहून द्या.